बोरिंगचं पाणी

मोहर्ली, १२ ऑक्टोबर

प्रिय निशात,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट तसंच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते. पत्ता अल्ताफभाऊंच्या दुकानातून घेतला. तू पोंभुर्ण्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतेस, एवढं ते बोलले. नेहमी बळेच चहा पाजणारे तुझे भाऊ, पण या वेळी बस म्हणालेसुद्धा नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही.

मी इथे एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात आहे. आमचा संसार आता इथलाच, कुलदीप सफारीची जिप्सी चालवतो. पावसाळ्यात जंगल बंद असताना मुंबईची मंडळी शूटिंगला आली होती. दिवाळीनंतर टीव्हीवर मालिका येणार आहे, पन्नास वर्षांपूर्वीच्या काळातली. एक शास्त्रज्ञ बाई नोकरी सोडते आणि स्वयंपाकीण होते, अशी गोष्ट. इथली स्वयंपाकीण एम.एस्सी. आहे हे लेखिकेला कोणीतरी सांगितलं, मग ती रोज दुपारी माझ्या ओट्याशी येऊन बसायला लागली. नायिकेला पिपेट कशी धरायची ते मी शिकवलं, रोडगे कसे भाजायचे तेही शिकवलं. खूप दिवसांनी कोणीतरी मला मॅडम म्हणत होतं गं.

तुम्ही पाणी तपासायची लॅब का सोडलीत, असं लेखिकेने एकदा विचारलं. साहेबांनी खोटा रिपोर्ट मागितला, मी म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढचं तिने मनाने जुळवलं आणि मी जुळवू दिलं.

मग तो प्रसंग चित्रित झाला. नायिका साहेबासमोर उभी राहते आणि म्हणते, "साहेब, आकडा पाण्याचा आहे, माझा नाही. मी कसा बदलू?" सगळ्या सेटने टाळ्या वाजवल्या. लेखिकेने माझा हात धरून पुढे नेलं, ही खरी नायिका म्हणाली. ते वाक्य तुझं होतं, निशात. मी ते तिला माझं म्हणून सांगितलं होतं.

तो दिवस तुला आठवतच असेल. सावली तालुक्यातल्या त्या लहानशा वस्तीवरच्या, टोल्यावरच्या बोरिंगचा नमुना तू तपासला होतास. फ्लोराइड चार पूर्णांक आठ निघालं, दीडच्या वर चालत नाही. बोरिंग लाल रंगवून बंद करावी लागली असती आणि साहेबांना तालुक्याची यादी स्वच्छ हवी होती. तू नाही म्हणालीस. महिनाभरात तुझं कंत्राट संपवलं. तू डबा आवरत होतीस तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर मान खाली घालून बसले होते, कारण शून्य पूर्णांक नऊ लिहून मी तोवर सही केली होती. कुलदीपला तेव्हा काम नव्हतं, हे कारण मी स्वतःला इतक्यांदा दिलं आहे की आता ते मलाच पटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला त्याच टोल्यावर पाठवलं. रुखमा नावाच्या बाईने लोटाभर पाणी आणलं. तहान नाही, मी म्हणाले. तिचा चेहरा उतरला. "आमच्या हातचं चालत नाई का बाई तुमाले?" तिने विचारलं. माझ्या आजीला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते आणि मला कोणी हे विचारावं! मी तो लोटा उभ्यानेच संपवला. रुखमाची दीपिका सहा वर्षांची होती, माझ्याकडे बघून हसली. तिचे पुढचे दात तेव्हाच पिवळट तपकिरी दिसत होते. ते त्या पाण्यानेच, हे मी सांगितलं नाही. परत आले आणि राजीनामा दिला. त्यालाच मी इतकी वर्षं प्रायश्चित्त समजत राहिले. बोरिंग मात्र चालूच होती.

टाळ्यांच्या त्या दिवसानंतर मला जेवण जाईना. मागच्या महिन्यात मी टोल्यावर गेले. नळ आलेत, पण मार्चपासून कोरडे. बोरिंगवर रांग होती. रुखमाने मला ओळखलं नाही. दीपिका सतरा वर्षांची झाली आहे, भिंतीला धरून उठते. "हिचे घुडगे काऊन असे झाले, कोणीच सांगत नाई," रुखमा म्हणाली. या वेळी मी सांगितलं. सही माझी होती, हेही सांगितलं. मग तिने दारात ठेवलेली पाण्याची घागर उचलली, अंगणात ओतून दिली आणि मला जा म्हणाली.

लेखिकेलाही खरं काय ते सांगितलं. भाग तयार झालाय, तुमचं नाव तर कुठे येत नाही, मग कशाला मनाला लावून घेता, असं तिचं म्हणणं. पण सोमवारी मी जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज देणार आहे: तो अहवाल खोटा आहे, तो मी केला, बोरिंग आज बंद करा. कुलदीप घाबरला आहे, तरी सोबत येतो म्हणतो. खरा आकडा तू काढलास आणि बदलायला नकार दिलास, हे त्यात लिहायचं आहे. ते लिहिलं तर चौकशीवाले तुझ्याही दारी येतील आणि तुझ्या जुन्या नोकरीचं प्रकरण पुन्हा लोकांच्या तोंडी येईल. त्या वेळी तुला न विचारता मी तुझ्याविरुद्ध सही केली. या वेळी आधी विचारते, त्यासाठीच हे पत्र. माफी मागायला लिहिलेलं नाही. रविवारपर्यंत तुझा निरोप आला नाही, तर तुझं नाव वगळेन. माझं राहील.

अजूनही स्वतःला तुझीच म्हणवणारी,
हर्षा