पेटीचा कोपरा रिकामा राहू नये

जव्हार, वैशाख वद्य पंचमी

चि. सौ. ठकूस दादाचे पोटभर आशीर्वाद. आई आणि मी इथे सुखरूप आहोत. शेळीही बरी आहे. तुझे पाय सुजतात का, आंबट खावंसं वाटतं की गोड, हे आईनं विचारायला सांगितलं आहे. (हे वाक्य तिचं समज. पुरुषमाणसानं असलं विचारू नये.) जावईबापूंना नमस्कार. त्यांनी आपल्या मामांच्या शिडाच्या पडावात माझी जागा धरली, हे उपकार मी कसे फेडू? डहाणूहून सागाची लाकडं भरून हर्णैला निघणारा हा शेवटचा पडाव. मग दर्या बंद, तो नारळी पौर्णिमेलाच उघडायचा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वैद्यांनी तुला गाडीत बसायची बंदी केली आणि तुझ्या सासरी तर बाईमाणूसच नाही. 'माहेरचं कुणीतरी येऊ दे' हे तुझं वाक्य वाचलं आणि मी हातातली कात्री खाली ठेवली. आईला किती विनवलं! पण तिचा एकच हेका, हलत्या फळीवर मी पाय ठेवायची नाही, तूच जा. म्हणून मी येतो आहे. बाळंतपणात शिंप्याचा उपयोग काय, ते देव जाणे. हे पत्र डहाणूला टपालात टाकीन, म्हणजे माझ्या आधी पोहोचेल आणि माझं सामान पाहून तू घाबरणार नाहीस.

जावईबापूंनी बजावलं होतं, एक माणूस आणि एक वळकटी. मीही शहाण्यासारखा मांजरपाटाचा एक कोट शिवला (खाऱ्या वाऱ्यानं उसवू नये म्हणून दुहेरी शिवणीचा) आणि वळकटी बांधून मोकळा झालो. पण तुळशीराम शिंपी दर्यावर जातोय ही बातमी गावात फुटली आणि त्या वळकटीवरचा माझा हक्क संपला. दरबारच्या नोकरीतून सुटलेले आपले म्हातारे शिपाईबुवा, ज्यांनी एकदा मुंबईचा दर्या काठावरून पाहिला आहे, ते आपला लाल फेटा घेऊन आले. म्हणाले, बुडालास तर लाल रंग लांबून दिसतो. (बुडालेल्याचा फेटा वर कसा राहील, एवढं विचारलं तर रागावले.) मग मोखाड्याकडचा पांड्या आला. त्याच्या लग्नातली बंडी मी शिवलेली, म्हणून त्यानं पाठीवर घालून इरलं आणलं, लावणीच्या वेळी पावसात घेतात तेच, पळसाच्या पानांचं, माणसाएवढं. "लाट आली का पाठ कर न् खाली बस," म्हणाला. ते इरलं वळकटीत मावत नाही, पेटीत मावत नाही, आपल्या दारातूनही आडवं करून घ्यावं लागलं. पण त्यानं ते माझ्यासाठी नवं विणलं आहे गं, नको कसं म्हणू?

आणि सूर्यमाळची बुधी. गेल्या वर्षी तिच्या नातवाचं अंगडं शिवलं होतं, तेवढीच ओळख. ती पाण्यानं भरलेला वाळका, पोकळ भोपळा घेऊन दारात उभी. मला हसू आलं. म्हटलं, अगं बुधी, मी समुद्रावर चाललोय, तिथे पाण्याला काय तोटा? तर म्हणते, "न् तो आटला तं?" ठकू, माझं हसू तिथेच विरलं. या दिवसांत सूर्यमाळच्या बायका झऱ्याच्या तळाशी बसून वाटीनं पाणी खरवडतात, आणि त्यातलं पाणी ती माझ्यासाठी डोक्यावर घेऊन चालत आली होती. मी भोपळा दोन्ही हातांनी घेतला. इतकी माणसं आपली आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.

राहता राहिली तुझ्या बाळंतपणाच्या सामानाची पेटी. ती भरण्याचा मान आईनं कुणाला दिला नाही. टोपडी, अंगडी, कुंची मी शिवली. डिंक, बाळंतशेपा, बाळगुटी तिनं घातली. इथवर ठीक. पण लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून तिनं ती आपल्या नव्या लुगड्यात गुंडाळली. मी म्हटलं, अगं, गोणपाट आहे की! तर म्हणे, गोणपाटाचा वास लागतो. मग मिश्रीची डबी घातली, तुझ्या शेजारणीसाठी म्हणे. जपाची माळ घातली, पडावाला दृष्ट लागू नये म्हणून. शेवटी स्वतःच्या वहाणा! त्या माझ्या पायात शिरायच्या नाहीत, हे मी सांगून पाहिलं. म्हणाली, "पेटीचा कोपरा रिकामा राहिला की पेटी हलते. तुला काय कळतंय प्रवासातलं?" (ही बाई उभ्या जन्मात घाट उतरलेली नाही.) वय झालं तिचं, दुसरं काय. समुद्राला नारळ वाहायला म्हणून डहाणूपर्यंत मात्र येते आहे.

तुझा दादा,
तुळशीराम

ता. क. डहाणू बंदर. सामान पाहून पडाव हाकणारा तांडेल पोट धरून हसला. माहेरचं म्हणून सगळं चढवून घेतलं, इरल्यासकट. पण माणूस एकच, म्हणाला. आई नारळ वाहायला गुडघाभर पाण्यात गेली ती मागे फिरलीच नाही. पडावाची कड धरली, तांडेलाला म्हणाली, "भाऊ, हात द्या," आणि पेटीवर जाऊन बसली. मी काठावरून ओरडतोय, तर म्हणते, "तुळशा, तुला कळा कळतात का रे? घरी जा, शेळीला पाणी पाज." वहाणा कुणाच्या मापाच्या होत्या, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

मग मीही पाण्यात शिरलो. कोट काढून तिच्या अंगावर घातला, कानाला वारा लागू नये म्हणून फेटा बांधला. शिपाईबुवांची मी उगाच थट्टा केली. लाल रंग खरंच फार लांबून दिसतो. दिसेनासा होईतो मी पाण्यातच उभा होतो.

ता. क. दुसरा. जावईबापूंना बंदरावर पाठव. मला शोधू नका म्हणावं; लाल फेट्याची बाई दिसली की हात द्या. माझे कपडे त्यांनीच वापरावेत. दर्या उघडेपर्यंत ती तुझी. नंतरही घाई करू नकोस.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. नाचणीच्या भाकरीला पाणी उकळतं घ्यायचं की कोमट, आणि भाकरी तव्याला चिकटली तर काय करायचं, ते आईला विचारून उलट टपाली कळव. पण मी विचारलं असं सांगू नकोस हं. पोहत परत येईल.