हिच्या हातून चूक होऊ न देणारे घर

मी, खाली सही करणारा, पाण्याच्या पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिक्स्चर-मिस्त्री (सुटे भाग नेमके बसावेत म्हणून साचे करणारा), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणी कानाशी न लागता लिहीत आहे. वय झाले, तरी डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते पत्नीकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्यामागे थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे-निम्मे. ती असेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि "जरा नवे करून घेऊ" म्हणून हातही लावू नये.

ही शेवटची अट थोरल्यासाठी आहे. त्याचा आईवर जीव आहे, पण तो उतावळा. तिला विसर पडू लागल्यावर तो तिला आपल्या नव्या फ्लॅटवर घेऊन गेला. तिथला नळ एकाच दांड्याचा, इकडे गार, तिकडे कढत. हिने हात भाजून घेतला आणि दिवसभर ज्याला त्याला "चुकलं माझं" म्हणत राहिली. दुसऱ्याच दिवशी मी तिला परत या घरी आणले.

२. आमची ओळखच अशा चुकीवरून झाली. ही जुळणीच्या बाकावर होती. पंपातली रबरी झडप दोन्ही बाजूंनी सारखी दिसे, आणि उलटी बसली की पंप पाणी ओढत नसे. साहेबांनी भिंतीवर "लक्ष देऊन काम करा" अशी पाटी लावली आणि हिला सगळ्यांदेखत फैलावर घेतले. मी झडपेच्या कडेला, एकाच बाजूने, अर्ध्या जाडीची खाच पाडली, बसवायच्या जागी तेवढीच पिन ठोकली. मग उलटी बसवू म्हटले तरी बसेना. हिने झडप फिरवून फिरवून पाहिली.

"म्हणजे चूक माझी नव्हती?"

तिचे ते हसणे अजून डोळ्यांपुढे आहे. फार सुखाचे दिवस होते ते. त्या साहेबांना मी माफ केलेले नाही, याची नोंद व्हावी.

३. या घरात मी अशी सोय केली आहे की विजेची शेगडी वर भांडे असेल तरच तापते. औषधांच्या डबीचा आजचाच कप्पा उघडतो. न्हाणीला आतून कडी नाही, आणि कढत पाणी नळाला येतच नाही. थोरल्याला हे जुगाड वाटते, वाटो बापडे. सूनबाईंनी मात्र भांड्याच्या वजनाने दबणारी शेगडीखालची स्प्रिंग "सैल दिसते" म्हणून काढू नये.

४. माझी सगळी हत्यारे धाकटीला. ही यंत्रे कधीतरी कुरकुरणार आणि तिचा हात चांगला आहे. बँकेतली शिल्लक हिच्या औषधपाण्याला. वेल्डर आबाने उसना नेलेला जाडी मोजायचा मायक्रोमीटर त्यालाच राहू द्यावा, मागून मागून माझे तोंड दुखले.

५. संध्याकाळी कारखाना सुटायच्या वेळेला ही दारात उभी राहून माझी वाट बघते. मी घरात असलो तरी. मग मी मागच्या दाराने बाहेर पडून पुढून येतो. ती विचारते, "आलात?" आणि आम्ही जेवायला बसतो.

मी गेल्यावरही ती उभी राहील. ही चूक कोणी दुरुस्त करू नये. मी वारलो हे तिला रोज सांगाल, तर रोज ते तिला नव्याने सोसावे लागेल. थोरल्या, तू तिच्याजवळ जा आणि सांग, "बाबांना ओव्हरटाइम लागलाय. तू जेवून घे."

ती जेवेल. कारखान्याचे तिला कळते.

ठिकाण: राहते घर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०१९

लिहून ठेवणार: (सही)

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. कारखान्यातला जुना सोबती, टर्नर लंबू (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)