एक बोट अजून बाहेर

नरपड, ता. डहाणू
१ जून २०१८

तीर्थरूप बाबांच्या चरणी शाल्मलीचा नमस्कार.

येथे सर्व क्षेम आहे. तिकडचे क्षेम तुम्ही कळवत नाही, परंतु पाकिटावरचे अक्षर पूर्वीइतकेच ताठ आहे, त्यावरून प्रकृती उत्तम असल्याचे समजते.

चौथे पाकीट परवा मिळाले. नेहमीप्रमाणे आत पत्र नाही, फक्त तक्ता: स्ट्रक्चरल इंजिनियरिंगच्या एम. टेक.ला गतवर्षी कोणत्या संस्थेत, कोणत्या फेरीत, किती गुणांवर प्रवेश थांबला. पट्टीने आखलेल्या रेषा, आणि मला हव्या असलेल्या जागेच्या आकड्याखाली लाल शाई. तक्ता सुरेख आहे. मात्र तिसऱ्या रांगेत तुम्ही दुसऱ्या फेरीचा आकडा अंतिम म्हणून घेतला आहे, तो दुरुस्त करून घ्यावा. सेवानिवृत्त कार्यकारी अभियंत्याकडून अशी चूक अपेक्षित नाही.

माझी प्रवेश परीक्षेची गुणपत्रिका मी मार्चमध्येच पाठवली होती, तेव्हा त्या लाल रेषेच्या मी पाच गुणांनी खाली आहे, हे तुम्ही मोजलेच असेल. केवळ एका गुणाचा एक प्रश्न (हजारांच्या मोजणीत तो दहाच्या वर भरतो), ज्याचे बरोबर उत्तर मी शेवटच्या क्षणी अधिक विचार करून बदलले. त्याविषयी याहून अधिक लिहिणार नाही.

सध्याची स्थिती अशी. पहिल्या फेरीत मला दुसऱ्या एका संस्थेत वाहतूक अभियांत्रिकीची जागा मिळाली. विषय वाईट नाही, माझा नाही, इतकेच. मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीची वाट पाहण्याची मुभा दोनदाच असते, आणि मी ती दोन्ही वेळा वापरली आहे. आता तिसऱ्या फेरीत आकडा पाच गुणांनी खाली आला तर स्ट्रक्चरल. न आला तर उरलेले आयुष्य मी रस्त्यांचे थर मोजीन, किंवा तलासरीच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवीत राहीन, जिथे निम्मा वर्ग अवकलनाला अजूनही शिक्षा समजतो.

आता जे लिहिण्याचे मी टाळत आले ते लिहिते.

लग्नाच्या दिवशी मंडपातून निघताना तुम्ही म्हणाला होतात, "त्या घरात तुझ्या अभ्यासाची चौकशी तरी कोणी करील का?" मी तेव्हा उत्तर दिले नाही, कारण उत्तर काळाने द्यावे अशी माझी इच्छा होती. काळाने ते तुमच्या बाजूने दिले, असे मी गेले तीन महिने समजत होते.

निकाल लागला त्या दिवशी मी लॅपटॉप स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. सासूबाई बोंबील साफ करत होत्या. मी काही बोलणार इतक्यात त्या उठल्या आणि हात न धुता मागच्या दाराने निघून गेल्या. मामंजींचे तसेच. फेरीचा निकाल पाहायला मी डहाणूला जाते (येथे नेटवर्क भरतीसारखे येते आणि ओहोटीसारखे जाते), तेव्हा स्कूटर काढताना ते ओट्यावर जाळे शिवत असतात. कुठे चाललीस, कशाला, काही नाही. मान वर न करता एवढेच, "सावकाश ये." परतल्यावर पाणी मिळते, चहा मिळतो, प्रश्न मिळत नाही. सांगलीत शेजारच्या जोशीकाकूंनीसुद्धा एव्हाना माझा गुणानुक्रम तोंडपाठ केला असता.

पियुषला मी एकदा स्पष्ट विचारले, "तुझ्या आईवडिलांना मी काय करते ते ठाऊक तरी आहे का?" तो उंबरगावच्या कारखान्यातून दमून आलेला. हसला आणि म्हणाला, "तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे." मी ते उत्तर गैरलागू म्हणून बाजूला ठेवले. या घरातल्या अज्ञानाबद्दल मी मनातल्या मनात बराच कठोर निकाल दिला होता, आणि तुम्ही जाणता, माझे निकाल सहसा बदलत नाहीत.

आज बदलला.

आजपासून मासेमारीची बंदी सुरू झाली. सगळ्या बोटी वर ओढल्या आहेत. सकाळी मागच्या अंगणात सुके बोंबील भरायचे काम चालू होते. मी आत खिडकीशी होते, ते त्यांना दिसत नव्हते. शेजारची पुतळीमावशी आली आणि आल्या आल्या म्हणाली,

"काय गो शांते, तुझ्या शालीच्या त्या कालेजचं काय झालं? मिळालं का नाय?"

(माझ्या नावाचे या गल्लीत हे झाले आहे. मी दोनदा दुरुस्त केले, मग सोडून दिले.)

सासूबाईंनी हातातली टोपली अशी आदळली की मांजर पळाले.

"पुतळे, अक्कल इकून खाल्लीस काय? बोट दर्यात असली का कोण विचारतं, काय गावलं म्हणून? तुझा धनी बाहेर असला का तू विचारतेस?"

"आता कुठली बोट? समद्या तर वर काढल्यात."

"आमची एक हाय अजून बाहेर," सासूबाई म्हणाल्या. "ती लागंपर्यंत या अंगणात कोणी तोंड उघडायचं नाय. त्या रखमीला पण सांग. परवा येशीत शालीला बघून तोंड उघडत होती, मीच चिमटा काढला तिला."

"बरं बाई," पुतळीमावशी म्हणाली. "पण लागली का मला पयलं सांग. मी नवस बोललेय विवळवेढ्याच्या आईला. नारळ घेऊन ठेवलाय, तो सुकून चाललाय."

"दुसरा घे. कंजूष!"

बाबा, बोट बाहेर असताना ती कुठे गेली, तिला काय मिळाले, हे या किनाऱ्यावर विचारत नाहीत, विचारणे अशुभ. हे मला माहीत होते. पियुषने पहिल्याच वर्षी सांगितले होते आणि मी ते लोकसमजुतींच्या कप्प्यात ठेवून दिले होते. त्या कप्प्यात मीही आहे, हे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते. निकालाच्या दिवशी सासूबाई हात न धुता उठून गेल्या त्या मागच्या दाराने थेट देवळात गेल्या होत्या, हे मला आज पियुषने सांगितले. गल्लीतली पंधरा घरे मार्चपासून माझ्यासाठी गप्प आहेत, आणि गप्प राहणे यांतल्या एकालाही स्वभावाने जमत नाही.

एक लोकसमजूत म्हणून तिला काही आधार नाही, हे माझे मत कायम आहे. फेरीच्या गणितावर तिचा परिणाम शून्य. तरीही तिसऱ्या फेरीचा निकाल लागेपर्यंत मी तुम्हाला आता काही लिहिणार नाही. घराची शिस्त आहे.

शाल्मली


नरपड
१० जून २०१८

बाबा,

नमस्काराची जागा पहिल्या ओळीत असते हे मला माहीत आहे. आज बातमी आधी. बोट लागली.

स्ट्रक्चरल मिळाले. तुम्ही लाल रेषा ओढलेल्या त्याच संस्थेत. आकडा सात गुणांनी उतरला, म्हणजे मी यादीत शेवटची नव्हते, याची कृपया नोंद घ्यावी.

डहाणूहून परत आले तेव्हा मामंजी ओट्यावर होते. मी स्कूटर लावली. सासूबाई दारात आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा विचारले, "काय गावलं गो?"

भाषण मी वाटेत तयार केले होते. संस्थेचे नाव, शाखा, फेरी, सगळे क्रमाने. त्यातले काही आले नाही. "मोठं गावलं, आई," एवढेच मी म्हणाले, तेही त्यांच्या भाषेत. त्या खाली बसल्या. मग मला खाली बसवले.

पुतळीमावशी कुठून आली कळले नाही. "मंग मी नारळ फोडू का? फोडते. शांते, हिला आधी गोड दे, रडत्येय ती." मी रडत नव्हते. नारळ दुसराच होता, ताजा.

मामंजींनी जाळे बाजूला ठेवले. "म्हंजे आता खाडीवर पूल बांधशील तू?"

"दोन वर्षांनी."

"बरं. तंवर जुना वापरू आम्ही," ते म्हणाले, आणि जाळे पुन्हा ओढून घेतले.

जुलैत वसतिगृहात जाईन. पियुष इथेच राहील, शनिवारी येईल. माझे टेबल खोलीतून हलवायचे नाही, असे सासूबाईंनी फर्मान काढले आहे. पूर्वी त्या खोलीत जाळी असत. माझ्या अभ्यासासाठी ती मागच्या वर्षीच ओट्यावर गेली होती. मला वाटले होते, वासाची माझी तक्रार त्यांनी मनावर घेतली.

तुमची चारही पाकिटे मी आज पुन्हा उघडून पाहिली. दोन वर्षे बोलणे नाही, पण आधी निकालाला आणि मग दर फेरीपूर्वी एक तक्ता, रेषा पट्टीने आखलेल्या. एकातही तुम्ही विचारले नाहीत: किती मिळाले, कुठे मिळाले, पुढे काय. मी तो राग समजत होते. या गल्लीत त्याला राग म्हणत नाहीत.

तुम्ही या, असे मी लिहीत नाही. सांगलीहून निघालात तर डहाणू रोडला उतरावे लागते आणि स्टेशनाबाहेर नरपडची रिक्षा मिळते, ही केवळ माहिती. बॅग भरताना कुठे चाललात असे आई विचारील. तिला विचारू देऊ नका. इथे ओट्यावर मामंजी असतील. तेही काही विचारणार नाहीत. तुम्ही आत येऊन बसेपर्यंत कोणीच विचारणार नाही.

तुमची,
शाली