तळ्याच्या उतारावरचे यंत्र, आणि माझ्या नावावर असलेले बाकीचे

मी, व्हर्नन आल्बर्ट केसलिंग, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, राहणार टॅनर्स फोर्क, ओहायो, धंदा गवत कापायची यंत्रे विकणे व दुरुस्त करणे, आज हे लिहून ठेवत आहे. डोके जागेवर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी वेगळा कागद दिला आहे. तो चांगला नाही, म्हणून ही घाई. हे लिहायला कोणी माझा हात धरलेला नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात सगळे माझा धाकटा भाऊ मर्ल याला दिले होते. तो माझ्या आधी गेला. दुसरे का फाडले, ते कलम चौथ्यात येईल.

कलम पहिले. दुकान, मागची शेड, पाती घासायची सहाण, यंत्र वर उचलून धरायची उचलणी आणि भिंतीवरची सगळी हत्यारे गिल्बर्ट ट्राउट याला द्यावीत. गिल सव्वीस वर्षे माझ्याबरोबर काम करतो आहे आणि कामावर असताना कधी शिट्टी वाजवत नाही. त्याला एवढेच सांगणे, की गिऱ्हाईक आले तर आधी यंत्र दाखवू नये, आधी त्याचे अंगण बघून यावे. झाडे किती, फाटक किती रुंद, जमीन कुठे उतरते, ओल कुठे राहते, हे सगळे बघावे. अर्ध्या एकराला मोठे धूड विकू नये. माणसाला यंत्रावर बसवून बघावे. गुडघे स्टीअरिंगला लागत असतील तर दुसरे काढावे. आणि उताराची जमीन असेल तर स्टीअरिंगऐवजी दोन दांड्यांचे, जागच्या जागी गिरकी घेणारे यंत्र विकूच नये, गिऱ्हाईक कितीही चिडले तरी. ओल्या उतारावर त्याची चाके घसरली, की दांड्या ओढून काही होत नाही.

यंत्राबरोबर माझा छापील कागद द्यावा. पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची तार काढावी. पाते दर पंचवीस तासांनी घासावे आणि घासल्यावर खिळ्यावर टांगून तोल बघावा; एक बाजू झुकली तर ते यंत्र हाडे खिळखिळी करते. पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाला आतून चिकटलेले गवत प्रत्येक वेळी खरवडावे. चारी चाकांत हवा सांगितली तेवढीच भरावी. थंडी सुरू होताना जुने पेट्रोल काढून टाकावे, बॅटरी घरात न्यावी. हे सगळे त्या कागदावर आहे. एक ओळ नव्हती, ती मी आता हाताने घातली आहे: सीटखालचा खटका कोणासाठीही काढू नये. माणूस सीटवरून उठला की यंत्र बंद पाडणारा तो खटका. सख्ख्या भावासाठीही नाही.

कलम दुसरे. घर विकून जे येईल ते, आणि बँकेत असलेले सगळे, टॅनर्स फोर्कच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला द्यावे. मर्लला पाण्यातून त्यांनी बाहेर काढले.

कलम तिसरे. माझे स्वतःचे बसून चालवायचे यंत्र चर्चला द्यावे. दफनभूमीतले गवत मी त्याच्यावरच कापतो. अट एकच, माझ्याआधी ते काम करणाऱ्या हार्लन प्रुइट याने त्याच्यावर बसू नये. चर्चच्या समितीने मला न विचारता हमरस्त्यावरच्या दुकानातून आणलेले यंत्र हार्लनने दोन उन्हाळ्यांत निकामी केले. मी त्याला म्हटले होते, "हार्लन, दव वाळू दे रे. ओले गवत आत थापले जाते." तर म्हणतो कसा, "व्हर्न, गवत ते गवत. तू त्याचा फारच विचार करतोस." त्याच्याबद्दल माझ्या मनात दुसरे काही नाही. माझ्या दफनाला त्याने यावे, पण चालत यावे.

कलम चौथे. हे कलम माझी पुतणी ट्विला हिने मागितले म्हणून लिहीत आहे. याची एक प्रत तिला व एक तिच्या आईला, म्हणजे मर्लची बायको लोरीन हिला, मी जिवंतपणीच देत आहे.

दोन हजार चारच्या वसंतात मर्ल दुकानात आला. त्याला दोन दांड्यांचेच यंत्र हवे होते. मी म्हटले, "तळ्याकडचा उतार विसरलास का?"

"उतार ट्विला कापेल, ढकलायच्या यंत्राने. वीस वर्षांची झालीये, हात काही झिजत नाहीत तिचे. तू यंत्र दे."

मी दिले. भाऊ आहे, उतारावर नेणार नाही म्हणतो आहे, म्हणून दिले. दोन आठवड्यांनी तो ते गाडीवर घालून परत घेऊन आला. म्हणाला, फांदी उचलायला जरा उठले की यंत्र बंद पडते, खड्ड्यात आदळले तरी बंद पडते. "ही कटकट काढून टाक, व्हर्न. मी काय लहान मूल आहे?" मी सीट उचलली, खटक्याच्या दोन तारा सोडवल्या आणि एकमेकींना जोडल्या. तो शेजारी उभा राहून सफरचंद खात होता.

जूनच्या बारा तारखेला, शनिवारी, ट्विला मैत्रिणीच्या लग्नाचे कपडे आणायला तिच्याबरोबर शहरात गेली. उतार मी उद्या कापीन, असे बापाला सांगून गेली होती, आणि तो "जा" म्हणाला होता. दुपारी तो स्वतःच त्या यंत्रावर बसून उतारावर गेला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. यंत्र घसरले, मर्ल खालच्या अंगाला फेकला गेला. सीट रिकामी झाली होती. यंत्र तिथेच बंद पडायला हवे होते. ते चालत राहिले, त्याच्या अंगावर गेले आणि त्याला घेऊन पाण्यात उतरले.

शेरीफच्या माणसाने मला विचारले, "तुम्हीच यातले जाणकार. यंत्रात काही दोष होता का, ते बघून सांगता?" मी ते ओढत दुकानात आणले आणि दार लावून घेतले. त्या दोन तारा सोडवून पुन्हा खटक्याला जोडल्या, आणि यंत्रात दोष नाही असे लिहून सही केली.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. सगळ्यांसमोर लोरीन ट्विलाला म्हणाली, "तू घरी असतीस तर तुझा बाप आज जेवायला बसला असता." मी दोघींच्या मध्ये बसलो होतो. माझ्या ताटात बटाटे होते. मी ते खाल्ले.

ट्विला त्याच शरदात नेब्रास्काला निघून गेली. आईला नाताळचे कार्ड पाठवायची, त्यात फक्त नाव. लोरीनने मला मात्र एकटे पडू दिले नाही. एकोणीस वर्षे दर रविवारी मी तिच्याकडे जेवलो. तिच्या अंगणातले गवत मी कापले, आणि तो उतार ढकलायच्या यंत्राने. शेजारी म्हणत, असा दीर मिळायला नशीब लागते.

मागच्या हिवाळ्यात हे सगळे मी दुसऱ्या मृत्युपत्रात लिहिले, मेल्यावर उघडण्यासाठी. माझ्या वकीलबाई एनिड रॅट्झ यांनी ते वाचले आणि चष्मा काढला. "मिस्टर केसलिंग, म्हणजे त्या दोघींना जे बोलायचंय ते ऐकायला तुम्ही नसणार. सोय चांगली आहे." मी ते मृत्युपत्र त्यांच्याच टेबलावर फाडले. तरी लोरीनकडे जायला मला आणखी सात महिने लागले.

या सप्टेंबरात गेलो. ती हिवाळ्यासाठी उकळते टोमॅटो बरण्यांत भरत होती. मी उभ्या उभ्याच सांगितले. ती झाकणे लावत राहिली.

"किती वेळ लागला तुला त्या तारा जोडायला?"

"मिनिटभर."

"त्याने सांगितलं म्हणून जोडल्यास?"

"हो. पण मला कळत होतं, लोरीन. त्याला कळत नव्हतं."

"ते सोड. त्याच्या मरणाचं मी तुला एक वेळ माफ करीन. तो हट्टी होता, त्याने दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं असतं." मग तिने माझ्याकडे बघितले. "पण मी माझ्या मुलीला जे बोलले, ते तू ऐकलंस. बाजूला बसून ऐकलंस. आणि रविवारी येऊन मला मीठ मागत राहिलास."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"बाहेर जा, व्हर्नन. बरणी गरम आहे आणि माझ्या हातात आहे."

तिने त्याच दिवशी ट्विलाला फोन केला. काय बोलल्या ते मला माहीत नाही. ट्विला दोन दिवस गाडी चालवत आली. आता ती एकोणचाळीस वर्षांची आहे, आणि भुवया मर्लच्या. लहानपणी ती मला व्हर्नकाका म्हणायची. दुकानाच्या दारात उभी राहून म्हणाली, "मिस्टर केसलिंग, ते यंत्र कुठे आहे?"

मी शेड उघडून दाखवले. ताडपत्रीखाली ते नव्यासारखे होते. दर वसंतात मी त्याचे तेल बदलत आलो, पाती घासत आलो. गवताला ते पुन्हा कधी लावले नाही. तिने सीट उचलली. "कुठल्या तारा?" मी बोट दाखवले. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"मला मुलं नाहीत, माहितीये का तुम्हाला?" ती म्हणाली. "नवऱ्याला हवी होती. मी म्हटलं, माझ्या भरवशावर कोणाला ठेवू नकोस."

मी दुकान तिच्या नावावर करतो म्हणालो, घरही.

"तुमचं मला काही नको. जे झालं ते कागदावर लिहून सही करा. आई मला सॉरी म्हणते आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते, पण तू त्या दिवशी गेलीसच का. तिच्या हातात कागद हवा."

म्हणून हा कागद. ट्विलाची त्यात काहीही चूक नव्हती. बापाला विचारून ती गेली होती. उतार दुसऱ्या दिवशी कापला असता तरी चालले असते. लोरीन, हे तू पुन्हा वाच.

ट्विला आईकडे अकरा दिवस राहिली आणि परत गेली. गिल सांगतो, वाणसामानाच्या दुकानात दोघी कॉफीच्या डब्यावरून भांडत होत्या. नाताळला पुन्हा येणार आहे, असे त्याच्या कानावर आले आहे.

कलम पाचवे. शेडमधले ते यंत्र विकू नये, कोणाला देऊ नये, सुटे भाग काढून वापरू नयेत. गिलने ते कापून भंगारात घालावे. इंजिन चांगले आहे म्हणून त्याचा हात अडेल, हे मला माहीत आहे. तरी कापावे.

कलम सहावे. माझे दफन. आमच्या वडिलांनी दफनभूमीत ओळीने जागा घेऊन ठेवल्या. मर्लच्या उजवीकडे लोरीनची आहे, डावीकडे माझी. कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते, की माझ्या मृत्यूनंतर लोरीनला विचारावे. ती नाही म्हणाली तर मला खाली कुंपणाशी पुरावे आणि कोणी तिच्याशी वाद घालू नये.

मी पाठवलेला तो मसुदा वाचून ती गेल्या मंगळवारी दुकानासमोर आली. गाडीतून उतरली नाही, काच खाली केली.

"हे मेल्यावर माझ्या गळ्यात घालू नकोस. आत्ता विचार, तोंडाने."

मी विचारले.

ती समोरच्या रस्त्याकडे बघत बसली. गाडी चालूच होती.

"जागा तुझ्या बापाने घेतलीये, तिथेच जा," ती म्हणाली. "मी येईन तेव्हा मध्ये मर्ल असेल."

आणि काच वर करून गेली. तेव्हा मला माझ्याच जागेत पुरावे.

वर लिहिलेले मी स्वतः वाचून पाहिले, ते खरे आहे, आणि खाली सही करीत आहे.

व्हर्नन आल्बर्ट केसलिंग

ही सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. या कागदाने आम्हा दोघांपैकी कोणालाही काही मिळत नाही.

साक्षीदार: एनिड रॅट्झ, वकील
साक्षीदार: क्लाइड व्हेनेबल, अग्निशमन दलातून निवृत्त; तळ्यावर त्या दिवशी हजर होतो

टॅनर्स फोर्क, ओहायो
सव्वीस ऑक्टोबर दोन हजार तेवीस