पहिला चमचा

१२ डिसेंबर १९७३
शिरलो एकदाचा ह्या घरात, गडी म्हणून! ईश्वरप्पा वैद्यांनी नाव विचारलं, मी 'येडू' म्हणून ठोकून दिलं. खरं सांगितलं असतं तर कोण ते ओळखून ओट्यावरूनच हाकललं असतं. कॉलेज अर्ध्यात सोडलं, हे मात्र खरं सांगितलं. त्यावर म्हणाले, शिकलेला चालेल, उलट बोलणारा चालणार नाही. मी मान खाली घातली. च्यायला, ह्याच माणसाशी कॉलेजातल्या माझ्या दाक्षायणीचं लग्न लावलं आणि वर्षाच्या आत ती गेली. कशानं, ते कुणी बोलत नाही. कळेपर्यंत मी गरीब गाय.
घर झकास आहे. मागं अडुळसा, तुळस, महादेवाच्या पूजेला पिवळी कण्हेर. माजघरात ओळीनं काचेच्या बरण्या. उन्हात मधासारख्या दिसतात.

१५ डिसेंबर
ईश्वरप्पांची आई निंगव्वा मला तम्मा म्हणते, कानडीत धाकटा भाऊ, आणि काम शिकवते. बाकीचे वैद्य आसवं करतात, त्यात दारू उतरते. गळ्यात लिंग बांधलेल्या घरात ते कसं चालायचं? म्हणून इथं सगळे अर्क ग्लिसरिनमध्ये. पाला सावलीत सुकवायचा, ओला राहिला तर फसफसतो. मग बरणीत दाबून भरायचा, वरून थोडं उकळलेलं पाणी घातलेलं ग्लिसरिन, पानं पार बुडेपर्यंत. झाकणावर फडकं बांधून रोज हलवायचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गाळायचं. पानात असंल ते समदं हे धरून ठेवतं बग, म्हणाली, चांगलं बी, वंगाळ बी. गड्ड्याच्या जत्रेत थंडीनं पोरं खोकतात, तेव्हा लई खप. गोड असतंय की, पोरं चमचा चाटून देतात.

२२ डिसेंबर
कळलं.
निंगव्वा शेंगांची चटणी कुटता कुटता सहज बोलून गेली. घरची रीत आहे: नवा अर्क आधी सुनेनं चाखायचा, ती धड राहिली तर बाटल्या बाहेर. गेल्या साली ज्येष्ठमधात भलतंच मूळ आलं होतं. ईश्वरप्पांना वास आला होता, पण एवढा माल ओतून द्यायचं जिवावर आलं. दाक्षायणी नको म्हणाली. त्यांनी तिचं मनगट धरून चमचा तोंडात घातला.
वर म्हणते, कुणीतरी चाकाया पायजेच की तम्मा. आता सून न्हाय, तर तू हाईस.
मनगट धरलं! ज्या मनगटाला हात लावायची माझी दोन वर्षं हिंमत झाली नाही, ते.
ईश्वरप्पांच्या स्वतःच्या खोकल्याच्या औषधाची बरणी वेगळी आहे, लहान. तीत कण्हेरीची विषारी पानं कोंबली. मला एकच माणूस हवाय.

३० डिसेंबर
त्या लहान बरणीचं फडकं मी साध्या गाठीनं बांधलं होतं. आज गाठ वेगळी. कॉलेजात दाक्षायणी पुस्तकांना दोरी बांधायची, गाठ मारून टोक उलटं आत खोचायची. तीच.
भ्यालो? छे! आनंदानं रडलो. तू आहेस तर. मग दोघं मिळून करू.

८ जानेवारी १९७४
सगळ्या बरण्यांना तीच गाठ.
सोडून पाहिलं. अडुळशाच्या रुंद पानांत कण्हेरीची लांब पानं. तुळशीतसुद्धा. मागची कण्हेर शेंड्यापर्यंत ओरबाडलेली. मी फक्त एका बरणीत —

१० जानेवारी
पानं वेचून टाकली. सकाळी परत होती. हात जोडले तिला. तुझा वैरी एकटा, गावाच्या पोरांनी काय केलं?
निंगव्वेला विचारलं, ती तडफडत होती तेव्हा कुणी धावलं नाही का. म्हणाली, ओट्यावर गिराईक दाटलं हुतं की. आरडली, समद्यांनी ऐकलं. आत कुणी आलं न्हाय. बाटल्यास्नी उशीर का, म्हनून इचारत हुते.
मला एक हवा होता. तिला सगळे हवेत.

१३ जानेवारी
गाळून झालं. खोकी भरली, उद्या गड्ड्यावर. ईश्वरप्पांना सगळं कबूल केलं — नाव, कण्हेर, सगळं. चोथा उपसून दाखवायला गेलो. एकही लांब पान नाही. ते पोट धरून हसले. चाखायला फाटली कॉलेजवाल्याची, म्हणाले. एक खोकं आपटलं मी, तर हमालांकरवी माजघरात कोंडलं.

१४ जानेवारी
बाहेर वाजंत्री. जत्रेचे नंदीध्वज मिरवणुकीनं निघाले असतील. निंगव्वा चमचा घेऊन आलीय. तुमी चाकल्याबिगर माल हालत न्हाय, म्हणते. 'तुमी' म्हणाली आज, खरं नाव कळल्यामुळं असेल.
बरोबर आहे. मी पडलो तर खोकी जाणार नाहीत. एवढंच हातात —

प्यालो. गोड आहे.

जीभ जड. पाय गेले. पडायला हवं होतं. पडत नाही. डावं मनगट कुणीतरी धरलंय — गार — काकणं वाजतात —
तम्मा धड हाय, म्हणून निंगव्वा बाहेर ओरडली. खोकी उचलतायत.
सोड. दाक्षायणी, पडू दे मला. खोकी उंबऱ्याच्या आत आहेत तोवर तरी — आवाज फुटत ना —
उभं धरलंय तिनं. टांगा जुंपला. पोरं खोकतायत तिथं, लहान पोरं — सोड — टांगा निघ