एमलिन हसला तेव्हा

प्रिय दादा,

रागात लिहिते आहे. फोनवर तू मध्येच थट्टा करून विषय संपवतोस, म्हणून कागद घेतला.

शुक्रवारी क्लबच्या जेवणात तू ती गोष्ट पुन्हा सांगितलीस. कार्डिफचा रग्बी सामना, वाकून एकमेकांना रेटणाऱ्या खेळाडूंचा स्क्रम कोसळला, एमलिनच्या डोक्यात कुणाचा तरी गुडघा बसला. तो कसाबसा उठला आणि तुला, आपल्या कॅप्टनला, विचारायला लागला, “ग्विल, आपण कुठल्या बाजूचे?” तू म्हणालास, “लाल जर्सीवाले. चल, वाक.” अख्खं सभागृह खो खो हसलं. माझ्या शेजारी एमलिनही हसला. सगळे हसतात म्हणून हसला, दादा. परक्याच्या लग्नात चुकून शिरलेला माणूस हसतो तसा. मी त्याच्या ताटातलं मटण बारीक करून देत होते, ते तुला दिसलं नाही?

तूच त्याला आपल्या घरी आणलंस. खाणीवरून आलेल्या बाबांसमोर उभा करून म्हणालास, “हा आमचा हुकर. हा मधोमध असतो म्हणून आमचा स्क्रम उभा राहतो.” आई बटाटे वाढत राहिली आणि तो लाजून खात राहिला. त्याला वेल्सची जर्सी मिळाली तेव्हा सगळं खोरं आमच्या दारात गात होतं. मीही गायले. खोटं कशाला बोलू, अभिमान होताच. निवृत्तीनंतर तो शाळेत खेळ शिकवायला लागला, तेव्हा वाटलं, आता माझा नवरा माझ्या वाट्याला आला. पन्नाशी ओलांडली नाही तोच मुलांची नावं विसरायला लागला. मग शाळेची वाटही. आता सकाळी बुटाची नाडी हातात धरून बसतो. मी बांधायला वाकले की हात झटकतो. परवा म्हणाला, “बाई, तुम्ही फार चांगल्या आहात, पण माझी बायको वाट बघत असेल.”

आणि तू? दोन वर्षांत उंबरा ओलांडला नाहीस. तुला म्हणे त्याला असं बघवत नाही. मला बघवतं का रे?

जेवणाहून परतताना गाडीत त्याने विचारलं, “त्या गोष्टीतला तो बिचारा कोण होता गं? त्याला कुणी मैदानाबाहेर नाही काढलं?” मी गाडी कडेला घेतली. पुढे चालवता येईना.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. एमलिनच्या डॉक्टरीणबाईंना जाणून घ्यायचंय, डोक्याला मार कितीदा बसला, शुद्ध किती वेळ हरपली, त्यानंतरही तो खेळत राहिला का. त्याला आठवत नाही. मी लांब, गर्दीत होते. त्याच्या खांद्याला खांदा लावून तू होतास. गुरुवारी आम्हाला दवाखान्यात न्यायला ये, आणि ती गोष्ट बाईंना पहिल्यापासून सांग, एकही विनोद न घालता. तू काय म्हणालास तेही सांग. एमलिन समोरच बसलेला असेल. त्याच्याकडे बघून सांग.

अजून तरी तुझीच,
नेरिस