उंबरा चढून यायचं घर

सौभाग्यवती चंपाबायला वेसाव्याच्या वहिनीचा पोटभर आशीर्वाद.

एकवीरा आईच्या कृपेने आम्ही सगळी धडधाकट आहोत, तुम्हीही असाल. भाओजींचा गुडघा काय म्हणतो? पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवरच सांगणार होते, पण तू फोनवर ऐकतेस कुठे? मी 'छप्पर' म्हणाले की तू तुझ्या छपराचं सुरू करतेस. कागद बिचारा मध्ये बोलत नाही. तर चहा घे, बस आणि वाच. चंपे, तुझं माहेर उभं राहिलं! आणि नुसतं नाही, झकास उभं राहिलं. आख्ख्या वेसाव्यात आज तसं दुसरं घर नाही.

मे महिन्याच्या वादळात मागचा माड घरावर आडवा झाला, हे तुला माहीत आहे. छप्पर गेलं, मागची भिंत गेली. पण आम्ही वाचलो कसे, ते नीट ठाऊक नसेल. आम्ही घरात नव्हतोच. तुझे दादा आणि घरात? शेजारच्या मालनच्या भाचीची हळद होती, हे वाढप्यांचे मुकादम, आणि मला कोलंबीच्या टोपाजवळ उभी केलेली. लग्न झाल्यापासून मी या माणसाला बोलतेय की गावाच्या कार्यात राबता, स्वतःच्या घरात पाय टिकत नाही. त्या दिवशी पाय टिकला असता तर दोघांचा चेंदामेंदा झाला असता. (हे मी त्यांना अजून बोलून दाखवलेलं नाही. तूही दाखवू नकोस, डोक्यावर बसतील.)

दुसऱ्या दिवशी आपला दिपेश बोरिवलीहून आला. पडलेलं घर बघून पोरगा आधी रडला आणि मग साहेब झाला. म्हणाला, आई, नारळी पौर्णिमेपर्यंत घर उभं राहिलं तर राहा इथे, नाही तर दोघं माझ्याकडे, कायमचे. आता खोटं कशाला बोलू, फ्लॅट छान आहे, आणि आपली रोशनी म्हणजे सुनांमध्ये सोनं. पण चौदावा मजला गं! लिफ्टमध्ये बाया भेटतात, मान हलवतात, संपलं. "काय गो कमळे, आज काय आणलास?" असं विचारणारं एक माणूस नाही. आणि कोळीवाड्यातलं घर एकदा पडीक झालं की माणूस परत येत नाही, हे मी आपल्याच गल्लीत बघितलंय. त्या रात्री जमातीच्या हॉलमध्ये चटईवर पडून मी एकवीरेला सांगितलं, आई, छप्पर नेलंस ते नेलंस, माझं दार नेऊ नकोस.

कंत्राटदार आणला. त्याची काही चूक नाही बिचाऱ्याची. झालं काय, की जूनपासून दर्यावरची बंदी लागली, होड्या किनाऱ्याला, नाखवे रिकामे, आणि ज्यांच्या ज्यांच्या लग्नात, बारशात, दहाव्याला तुझे दादा राबले होते ती सगळी एकदम उगवली. एका विटेला सहा हात! भिंत सरळ आहे का यावर वीस माणसांचं मत! कंत्राटदाराने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. मी म्हटलं, झालं, लागली वाट, काढा बोरिवलीच्या पिशव्या. तेव्हा आपला शिवदास पुढे आला. (तोच, होड्या बांधणारा, ज्याला तू नकार दिला होतास. अजून विचारतो हो तुझं.) म्हणाला, "वैनी, पानी आत येवाला नको ना? मंग झाला तं."

चंपे, या माणसांनी जन्मात घर बांधलेलं नाही. होडी बांधलीय. त्यामुळे त्यांनी तेच बांधलं जे त्यांना येतं. छपराला होडीसारख्या वाकवलेल्या फळ्या, त्यावर फायबरचे थर, आतून थर, बाहेरून थर. त्या वासाने मांजरसुद्धा गल्ली सोडून गेलं. उंबरा म्हणशील तर गुडघ्याच्याही वर. आपल्या घरात आता शिरायचं नसतं, चढायचं असतं. भटजी वास्तुशांतीला आले ते धोतर सावरत चढले आणि आत उतरताना तुझ्या दादांच्या गळ्यात पडले. आणि भोक दिसलं की बुजवायचं! विजेच्या वायरीचं भोक ठेवायला मला चार वेळा भांडावं लागलं. स्वयंपाकघराची खिडकी तर थोडक्यात वाचली, मी आत उभी राहून ओरडले म्हणून.

पण घर पौर्णिमेच्या आधी उभं राहिलं, हां! वरती झेंडा, दर्शनी भिंतीवर होडीवर काढतात तशा अक्षरांत 'एकवीरा प्रसन्न', समोर नारळ फोडला आणि बँजोवाला पैसे न घेता वाजवून गेला. दिपेशने घराला बाहेरून एक फेरी मारली आणि म्हणाला, आई, पाऊस येऊ दे, मग बोलू. मला असा राग आला! पण एकवीरा आईने माझं ऐकलं. ऑगस्टच्या शेवटी आभाळ फाटलं, त्यात भरती. आख्खी गल्ली गुडघाभर पाण्यात. आणि आपल्या घरात? पायपुसणंसुद्धा कोरडं! सगळी गल्ली उंबरा चढून आत आली. म्हातारी, पोरं, मालनची सून चेतना तिच्या तान्ह्याला घेऊन, कुणाच्या तीन कोंबड्या. मी मोठा टोप चढवला आणि खिचडी टाकली. त्यात दुपारी दिपेश आला आम्हाला न्यायला, पाण्यातून चालत, चिंब भिजलेला, एक चप्पल वाहून गेलेली. उंबरा चढला आणि बघतच राहिला. सगळी वेसाव्याची माणसं माझ्या घरात सुक्या जमिनीवर मांडी घालून जेवतायत! मी त्याच्यासमोर ताट ठेवलं. जेवून झाल्यावर पोरगा आपणहून म्हणाला, आई, परत बोरिवलीचं नाव काढणार नाही. चंपे, माझ्या लग्नातसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. शिवदास तर कोपऱ्यात बसून भिंतीवरून हात फिरवत होता.

असं हे तुझं माहेर. छाती काढून सांग तिकडे सासरी, करंज्यात सगळ्यांना. पोरांना पापा, भाओजींना नमस्कार.

तुझी वहिनी,
कमळ

ता. क. पाणी आत येत नाही हे खरं, पण बाहेरही जात नाही. मोरीचं भोकसुद्धा बुजवलंय. एकाने नाही, तिघांनी, तीन वेळा. आंघोळ झाली की डब्याने उपसून खिडकीतून टाकावं लागतं. भाओजींकडे ड्रिल आहे ना? गुपचूप पाठवून दे. शिवदासला कळलं तर त्याचं मन मोडेल.

ता. क. दुसरा. पाकिटावर बोरिवलीचा शिक्का बघून तू विचारात पडली असशील. हो, हे पत्र मी चौदाव्या मजल्यावरून लिहितेय, तुझे दादाही इथेच. त्या पावसात मालनची भिंत खचली. तान्हं घेऊन चेतना ओल्यात कुठे राहणार? तर तिचं घर होईपर्यंत ती सगळी आपल्या घरात आहेत, आणि होड्या आता दर्यावर गेल्यात, त्यामुळे दिवाळीपर्यंत तरी ते काही होत नाही. दिपेशने दार उघडलं तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतंस. मी म्हटलं, हसू नकोस, आधी पिशव्या घे.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. तू लगेच दादांना फोन करून झाडशील की घर वाटून टाकलंत म्हणून. त्यांना बोलू नकोस. जन्मात पहिल्यांदा ते म्हणाले होते, "अगो, एक महिना तरी राहू दे ना आपल्याला." चावी मी दिली. ज्या घराला गावाने हात लावला त्याला आतून कडी लावून बसू कशी गं? देताना काहीच वाटलं नाही. इथे आल्यावर मात्र रोज लिफ्टमध्ये रडू येतं. रोशनी एवढं करते की तिला जाते म्हणून सांगायची सोय नाही, वाईट वाटेल तिला. म्हणून एक काम कर. हे पत्र मिळालं की दिपेशला फोन कर आणि दिवाळीपर्यंत आजारी पड. वहिनी आल्याशिवाय उठवत नाही म्हणून सांग. ताप नको, ताप डॉक्टरला कळतो. कंबर धर.